ठराव नगरपरिषदेचा, आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा : एका बाजारपेठेतल्या पार्किंगबंदीचे प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. गावाचे नाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

नगरपरिषद 'ब' वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाखाच्या दरम्यान. मुख्य पेठ जुन्या वेशीपासून एसटी स्टँडपर्यंत जाते आणि ग्रामीण रुग्णालयाकडे जाणारा रस्ता पेठेच्या मधोमध फुटतो. विकास आराखड्यात पेठेचा रस्ता १२ मीटरचा आहे. उघडी गटारे, दुकानांच्या पायऱ्या, पुढे काढलेले पत्रे आणि विजेचे खांब वजा केले की वाहनांसाठी जेमतेम ७ मीटर उरतात.

पुढचे सगळे या ७ मीटरवर अवलंबून आहे. दुकानाकडे तोंड करून उभी लावलेली दुचाकी सुमारे २ मीटर जागा घेते. एकाच बाजूला दुचाक्या लागल्या तर ५ मीटर मोकळे राहतात आणि समोरासमोरची दोन वाहने सावकाश का होईना, निघून जातात. दोन्ही बाजूंना लागल्या तर ३ मीटर उरतात, आणि त्यातून एका वेळी एकच वाहन जाऊ शकते. त्यात कापड दुकानाचा माल उतरवणारा एक टेम्पो आला की पेठ बंद. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दुपारपर्यंत पायी चालणेही अवघड.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाळंतपणासाठी निघालेली एक रुग्णवाहिका पेठेत अडकली. आई आणि बाळ सुखरूप राहिले, पण त्या दिवशी गावाचा संयम संपला. नगरपरिषदेवर मोर्चा आला, निवेदन दिले गेले आणि नगराध्यक्षांनी मोर्चासमोरच पेठेत पार्किंग बंद करण्याचे आश्वासन दिले.

पहिला ठराव

पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात चार गोष्टी होत्या. सकाळी ९ ते रात्री ८ या वेळेत पेठेत दोन्ही बाजूंना पार्किंगबंदी, एसटी स्टँडकडून वेशीकडे एकेरी वाहतूक, नियम मोडणाऱ्याकडून नगरपरिषदेच्या पथकाने २०० रुपये दंड घ्यायचा, आणि जॅमर, म्हणजे गाडीचे चाक अडकवणारे कुलूप, लावण्याचे काम एका ठेकेदाराला द्यायचे.

सभेत एका ज्येष्ठ सदस्याने पोलिसांचे मत घ्यावे असे सुचवले होते. रस्ता नगरपरिषदेचा, झाडतो आपण, दुरुस्त करतो आपण, मग पोलिसांना कशाला विचारायचे, असे उत्तर त्यांना मिळाले. हे उत्तर सभेला पटले. ते चुकीचे का होते, ते पुढे येईल. पण त्यामागची भावना खोटी नव्हती. रस्त्याचा खर्च ज्याच्या माथी, त्यालाच रस्त्यावरचा अधिकार असावा असे कोणालाही वाटते.

आठवड्याभरात फलक लागले. पथकाने काम सुरू केले.

अडचण

पहिल्या अडचणीला महिनाही लागला नाही. एका गाडीमालकाने जॅमर लावणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाकडे आदेशाची प्रत मागितली. त्याच्याकडे ठरावाची झेरॉक्स होती. गाडीमालकाने दंड भरला, पावती घेतली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली : कोणत्या कायद्याखाली हा दंड घेतला?

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी पोलीस निरीक्षकांना मदतीला बोलावले. निरीक्षकांची अडचण वेगळी होती. फलक लागलेले होते, पण त्यामागे अधिसूचना नव्हती. 'साहेब, मी चलान कोणत्या आदेशावर करू?' असे त्यांनी सरळ विचारले. पुढे व्यापारी संघटनेने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ नुसार बेकायदा किंवा सार्वजनिक हिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. त्यांनी ती थांबवली.

इथे कायद्याची मांडणी नीट पाहावी लागते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात आहेत. चौथा विषय रस्ते आणि पूल. सतराव्या विषयात पथदिव्यांबरोबर वाहनतळ आणि बसथांबे यांचा उल्लेख आहे. रस्त्यावरची वाहतूक चालवण्याचा विषय मात्र या यादीत नाही. वाहनतळ बांधणे एक आणि रस्त्यावर कोणते वाहन कुठे, किती वेळ उभे राहील हे ठरवणे दुसरे. या दोन कामांचे धनी वेगळे आहेत.

दुसरे काम प्रामुख्याने दोन कायद्यांत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११५ वाहनांच्या वापरावर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला देते. कलम ११६ वाहतूक चिन्हे उभारण्याविषयी आहे आणि कलम ११७ वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याविषयी. या कलम ११७ मध्ये स्थानिक प्राधिकरणाचे स्थान स्पष्ट लिहिले आहे : जागा ठरवायच्या त्या त्याच्याशी विचारविनिमय करून. म्हणजे नगरपरिषदेला विचारलेच पाहिजे, पण अंतिम सही तिची नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ रस्त्यांवर वाहने उभी करण्याच्या अटींबाबत नियम वा आदेश काढण्याचा अधिकार पोलीस आयुक्त आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना देते. तालुक्याच्या गावात आयुक्त नसतात, त्यामुळे जिल्हादंडाधिकारीच, म्हणजे त्या भूमिकेतले जिल्हाधिकारी.

दंड आणि जॅमरचेही तसेच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन उचलण्याची किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देतो. ठेकेदाराचा माणूस एकटा हे करू शकत नाही. कलम १७७ चा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत आहे, आणि तो त्या कायद्याच्या यंत्रणेनेच घ्यायचा असतो. २०० रुपयांचा आकडा सभेने स्वतः ठरवलेला होता. त्याला कोणत्याही उपविधीचा, म्हणजे कायद्याखाली केलेल्या नगरपरिषदेच्या नियमाचा, आधार नव्हता.

समोर असलेले पर्याय

स्थगितीनंतर मुख्याधिकाऱ्यांनी नगराध्यक्ष, गटनेते, पोलीस निरीक्षक आणि नगरपरिषदेचे वकील यांची बैठक घेतली. तीन-चार मार्ग पुढे आले.

स्थगितीविरुद्ध लढण्याचा विचार काही सदस्यांना आवडला होता, कारण माघार घेतल्यासारखे दिसू नये. वकिलांनी तो पहिल्याच बैठकीत बाजूला सारला. ठराव योग्य होता की नाही हा प्रश्नच नव्हता. तो करण्याचा अधिकार होता का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नाही असे होते.

दुसरी सूचना जमावबंदीच्या कलमाखाली तातडीचा आदेश मागण्याची होती. म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, आताचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. हा मार्ग झटपट वाटतो, म्हणून तो वारंवार सुचवला जातो. पण असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही आणि तो तातडीच्या धोक्यासाठी असतो. पेठेतली कोंडी वर्षानुवर्षांची होती. रोजच्या प्रश्नावर आणीबाणीचे कलम लावले तर दोन महिन्यांनी गाव पुन्हा तिथेच येते. हा पर्याय सोडला हे मला या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण त्या वेळी दडपण मोठे होते.

तिसरा मार्ग पे अँड पार्कचा. पेठेतच पैसे घेऊन पार्किंग द्यायचे, गर्दी आपोआप कमी होईल आणि उत्पन्नही मिळेल. यात तथ्य आहे. पैसे मोजावे लागले की माणूस दिवसभर गाडी लावून ठेवत नाही. पण राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ कायद्याच्या आधाराशिवाय कर घेऊ देत नाही, आणि शुल्क असले तरी ते घेण्याचा स्पष्ट अधिकार कायद्यात असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितले आहे. मंजूर उपविधी नसताना वसुली सुरू केली असती तर पहिल्या ठरावाचीच पुनरावृत्ती झाली असती. उपविधी करण्याचे काम सुरू ठेवायचे, पण त्यावर थांबून राहायचे नाही, असे ठरले.

उरला तो सरळ आणि लांबचा रस्ता : जुना ठराव रद्द करायचा, नगरपरिषदेच्या हातात जे आहे ते नगरपरिषदेने करायचे, आणि वाहतुकीच्या आदेशाचा प्रस्ताव पोलिसांमार्फत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा.

काय केले

नवा ठराव जुन्यापेक्षा लहान होता. जुना ठराव रद्द. पेठेतल्या वाहतुकीबाबत आदेश काढण्याची जिल्हादंडाधिकाऱ्यांना विनंती, सोबत नगरपरिषदेचे मत. फलक, पट्टे आणि दिव्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद. जुन्या कोंडवाड्याची जागा मोफत वाहनतळासाठी मोकळी करणे. आणि घेतलेला दंड अर्ज केल्यास परत. या शेवटच्या बाबीवर सभेत बराच वाद झाला. पैसे परत करणे म्हणजे चूक कबूल करणे, असे काहींचे म्हणणे होते. मुख्याधिकाऱ्यांनी ती वगळू दिली नाही. व्यापारी संघटनेचा सूर बदलायला सुरुवात झाली ती इथून.

मग संयुक्त पाहणी. वाहतूक शाखा, नगरपरिषदेचे बांधकाम अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, एसटी आगार आणि महावितरण यांची माणसे एकत्र पेठेतून चालली. या पाहणीत एक मोठी गोष्ट उघड झाली. एसटी स्टँडजवळचा तुकडा नगरपरिषदेचा नव्हताच, तो राज्य महामार्गाचा भाग होता आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होता. आपल्या मालकीच्या रस्त्यावर आपण काहीही करू, असे म्हणणाऱ्या पहिल्या ठरावाने दुसऱ्याच्या रस्त्यावरही फलक लावले होते.

पोलीस निरीक्षकांनी आधी प्रायोगिक आदेश मागावा असे सुचवले. कलम ११५ मध्ये यासाठी सोय आहे : निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. घंटागाडीच्या भोंग्यावरून, वर्तमानपत्रातून आणि चौकातल्या फलकांवरून माहिती दिली गेली. त्या महिन्यात कोणालाही दंड करायचा नाही, फक्त समजावायचे, असे पोलिसांनी ठरवले.

प्रयोगाबरोबरच हरकती आणि सूचना मागवल्या. प्रस्ताव खऱ्या अर्थाने दुरुस्त झाला तो या टप्प्यावर, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर.

हमाल आणि टेम्पोचालकांची हरकत सर्वांत वजनदार होती. दिवसभर बंदी असेल तर माल उतरवायचा कधी? त्यांनीच वेळ सुचवली, सकाळी ९ च्या आधी आणि रात्री ८ नंतर. दुकानदारांना सकाळी लवकर दुकान उघडायला लावणारी ही सूचना हमालांकडून आली, हे विशेष. वाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांचे म्हणणे होते की त्यांच्या घरात गाडी ठेवायला जागाच नाही, मग दोन्ही बाजूंना बंदी म्हणजे त्यांनी गाडी विकायची का? त्यातून सम-विषम पार्किंग आले. पी-१ चा फलक असलेल्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ च्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची. त्यामुळे ७ मीटरपैकी ५ मीटर कायम मोकळे राहतात. (३१ तारखेनंतर लगेच १ तारीख येते, दोन्ही विषम, त्या दिवशी बाजू बदलत नाही हे फलकावर लिहावे अशी सूचना एका निवृत्त शिक्षकांनी केली आणि ती स्वीकारली गेली.)

एकेरी वाहतूक मात्र मागे घेतली. प्रयोगाच्या पहिल्या आठवड्यातच १०८ च्या रुग्णवाहिकेच्या चालकाने दाखवून दिले की एकेरी मार्गामुळे वेशीकडून येणाऱ्या रुग्णवाहिकेला गावाला वळसा घालून यावे लागते. ज्या घटनेमुळे हे सगळे सुरू झाले तिचाच विसर आराखड्याला पडला होता. एकेरीऐवजी रुग्णालयाच्या फाट्याच्या दोन्ही बाजूंना कोणतेही वाहन कधीही उभे न करण्याचा पट्टा ठरला.

पथविक्रेत्यांचा प्रश्न राहिला. भाजीच्या हातगाड्या हटवल्या की निम्मी कोंडी सुटेल असे व्यापारी सांगत होते. पण पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे देईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि प्रमाणपत्र मिळालेल्याला हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगरपरिषदेचे सर्वेक्षण अर्धवट होते. मुख्याधिकाऱ्यांनी ते आधी पूर्ण करायचे ठरवले आणि हातगाड्यांचा विषय पार्किंगच्या आदेशातून बाहेर ठेवला. व्यापारी नाराज झाले. हा निर्णय बरोबरच होता. गाडी उभी करायला जागा हवी म्हणून ज्याचे पोट त्या जागेवर आहे त्याला आधी उठवायचे, हे कायद्यालाही मान्य नाही आणि असू नये.

सुधारलेला प्रस्ताव पोलीस अधीक्षकांच्या अभिप्रायासह जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेला. आदेश हातात यायला पहिल्या मोर्चापासून जवळपास एक वर्ष लागले.

निष्पत्ती

रुग्णालयाच्या फाट्यावरचा पट्टा आजही मोकळा असतो. लोक तो पाळतात, आणि पोलीस नसतानाही पाळतात. त्याचे कारण सगळ्या गावाला माहीत आहे. माल उतरवण्याच्या वेळाही बऱ्यापैकी रुळल्या. आता चलान होते तेव्हा त्यावर आदेशाचा क्रमांक असतो आणि वाद पोलीस ठाण्यात न जाता तिथल्या तिथे मिटतो.

सम-विषम पार्किंग मात्र लंगडत चालते. महिन्यातून काही दिवस दोन्ही बाजू भरलेल्या दिसतात, कारण वाहतुकीसाठी एकच हवालदार नेमलेला आहे आणि बंदोबस्त लागला की तोही जातो. कोंडवाड्याच्या जागेवरचे वाहनतळ पहिले काही महिने रिकामे होते. तिथे दिवे नव्हते. संध्याकाळी सामान घेऊन अंधारातून गाडीपर्यंत जायला, विशेषतः बायकांना, नको वाटायचे. दिवे लागल्यावर आणि पेठेच्या बाजूने एक पायवाट काढून दिल्यावर ते भरू लागले. पेठेत जागा बंद होण्याच्या आधी ही जागा तयार हवी होती.

आठवडी बाजाराचा दिवस अजून सुटलेला नाही. त्यासाठी वेगळा आदेश आणि वेगळी जागा लागेल.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णयक्षण पहिल्या सभेतला आहे. ज्येष्ठ सदस्याची सूचना मान्य झाली असती आणि पोलीस निरीक्षकांना त्याच सभेला बोलावले असते, तर एक वर्षातले निदान चार महिने वाचले असते. नगराध्यक्षांनी मोर्चासमोर आश्वासन दिले यात गैर काही नाही. पण मी बंदी घालतो असे म्हणण्याऐवजी मी आठ दिवसांत प्रस्ताव पाठवतो आणि त्याची प्रत तुम्हाला देतो असे सांगता आले असते. लोकांना तारीख हवी असते, आणि ती देणे नगरपरिषदेच्या हातात होते.

दुसरे, नगरपरिषदेने स्वतःच्या अधिकारातली कामे आदेशाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू करायला हवी होती. दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या आणि पत्रे काढणे, गटारावर झाकणे टाकणे, खांब सरकवण्यासाठी महावितरणकडे पैसे भरणे, वाहनतळाला दिवे लावणे. यांपैकी एकाही कामाला जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही लागत नव्हती. गटारावर झाकणे टाकून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जरी मिळाला असता, तरी ७ चे ८ मीटर झाले असते, आणि कोणत्याही पार्किंगबंदीइतकाच त्याचा उपयोग झाला असता. सभेचा सगळा जोर मात्र ज्या गोष्टीचा अधिकार नव्हता तिच्यावर लागला.

प्रायोगिक महिन्याबाबतही एक मत नोंदवतो. दंड न करण्याचा निर्णय चांगला होता, पण त्या महिन्यात कोणी मोजणी केली नाही. किती गाड्या किती वेळ उभ्या राहतात, त्यातल्या किती दुकानदारांच्या स्वतःच्या, किती गिऱ्हाइकांच्या, हे वही घेऊन दोन माणसांनी तीन दिवस मोजले असते तरी कळले असते. हरकतींवर चर्चा करताना प्रत्येक जण आपापल्या अंदाजावर बोलत होता. दुकानदारांच्याच गाड्या सकाळपासून जागा अडवतात असे गिऱ्हाइके म्हणत होती आणि दुकानदार ते नाकारत होते. खरे काय, ते कागदावर नव्हते.

शेवटची बाब आदेशाच्या परिशिष्टाची. नो पार्किंगचा पट्टा अमुक मेडिकलपासून तमुक स्वीट मार्टपर्यंत असा लिहिला गेला. दोन वर्षांत मेडिकलने जागा बदलली, आणि पट्टा नेमका कुठे सुरू होतो यावर एका चलानाचा वाद झाला. तो आदेश आता शुद्धिपत्रकासाठी पुन्हा जिल्ह्याला गेला आहे. या वेळी हद्द सिटी सर्व्हे नंबर आणि विजेच्या खांबांच्या क्रमांकांनी लिहिली आहे, सोबत अभियंत्याने मीटरमध्ये मोजलेला नकाशा जोडला आहे, आणि आठवडी बाजाराच्या दिवसाचा स्वतंत्र प्रस्तावही त्याच पत्रासोबत पाठवला आहे.